नऊ नंबरवर कोणी नाही

ऐकू येतंय का? हॅलो, माझा आवाज येतोय का?

माफ करा, ही खोड माझी नव्हे, माणसांची. दिवसभर माझ्यातून हेच वाक्य जा-ये करतं, त्यामुळे माझ्याही तोंडी तेच बसलंय. मी वायफायचा राऊटर. तिसऱ्या मजल्यावरच्या एका घरात, कपड्यांच्या कपाटावर असतो. काळा डबा, समोर हिरवे दिवे आणि वर चार अँटेना. घरातले त्यांना शिंगं म्हणतात, मी कान म्हणतो. तोंड मात्र मला कोणी दिलं नाही. साऱ्या घराचं बोलणं इकडून तिकडे पोचवायचं आणि स्वतः एक अक्षर बोलायचं नाही, अशी माझी नोकरी. आज बोलतोय तेही सगळं होऊन गेल्यावर, आणि ज्यांच्याशी बोलायला हवं होतं त्यांच्याशी नाहीच.

माझा जन्म कारखान्यातल्या सरकत्या पट्ट्यावर झाला. माझा शेवटचा स्क्रू आवळताना त्या बाईला जांभई आली, म्हणून तो अजून जरा तिरका आहे. मग मला तपासणीच्या खोलीत नेलं. भिंती लोखंडी, दार लोखंडी, बाहेरची एकही लहर आत यायची सोय नाही. तिथे मी आयुष्यातली पहिली हाक मारली आणि समोरच्या यंत्राने लगेच ओ दिली. जग असंच असतं असं मला वाटलं. लहान होतो.

दुकानातून मला उचलून आणलं ते या घरच्या जावयांनी. जावई फरशीच्या दुकानात विक्रीचं काम करतात, पण त्यांचा खरा जीव यंत्रांत. घरातली मिक्सरपासून घड्याळापर्यंत एकही वस्तू त्यांनी उघडायची सोडलेली नाही, आणि उघडलेल्या निम्म्या अजून मिटायच्या राहिल्यात. माणूस मनाने मात्र लोण्यासारखा. कोणाच्या घरी काही बिघडलं की पान्हा घेऊन हे हजर. बोलावलं असो वा नसो.

घर त्यांच्या सासऱ्यांचं, म्हणजे नानांचं. नाना घाऊक भाजीबाजारात लिलाव पुकारायचे. पोत्यांच्या थप्पीवर उभं राहून त्यांनी भाव पुकारला की तो बाजाराच्या दुसऱ्या टोकाला, टेंपो लावणाऱ्यांनाही कळायचा, असं त्यांची मुलगी सांगते. मी तो आवाज ऐकलेला नाही. मी आलो त्याच्या आधीच नानांना अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. हात हळूहळू थोडा परत आला. बोलणं दाराशी येऊन अडून राहिलं.

मुलगी आणि जावई इथे राहायला आले ते त्यामुळेच. आणि मला आणलं तेही त्यामुळेच, हे मी कधी विसरलो नाही. नानांचं बोलणं परत आणण्यासाठी एक मॅडम होत्या. त्या दूरच्या इस्पितळातून, पडद्यावरून शिकवायच्या. संध्याकाळची वेळ ठरली, कारण मुलगी पाणी तपासायच्या प्रयोगशाळेतून तेव्हाच घरी यायची.

पहिल्याच दिवशी मॅडमनी एक नियम घातला.

"नाना बोलत असताना तुम्ही कोणी जवळ बसायचं नाही," त्या मुलीला म्हणाल्या.

"पण काही लागलं तर?"

"लागलं तर मी हाक मारीन. तुम्ही बसलात की त्यांचा शब्द तुम्ही पुरा करता. प्रेमानेच करता, पण करता. मग ते कशाला कष्ट घेतील?"

मॅडमचं अगदी बरोबर होतं. मी स्वतः पाहिलंय. एकदा नानांनी या खोलीत जेवताना "मी..." एवढं म्हटलं. पुढचं अक्षर जिभेवर येईपर्यंत मुलीने "मिरची नको ना?" म्हणून वाटी उचलली, जावयांनी "मी जेवलो, असंच ना?" म्हणून ताट उचललं. नानांना मीठ हवं होतं. त्या दिवसापासून त्यांनी घरच्यांसमोर तोंड उघडणंच सोडलं. आयुष्यभर ज्याने बाजार बोलून गाजवला, त्याला मिठासाठी धडपडताना दोघांनी बघावं, हे त्यांना सोसेना.

म्हणून संध्याकाळी खोलीचं दार लागायचं. आत नाना, टेबलावर टॅब्लेट, आणि कपाटावर मी. नानांचं बोलणं कसं चाललंय हे या घरात फक्त मला माहीत होतं. आणि मी सांगतो, ते छान चाललं होतं. आधी अक्षरं आली. मग शब्द आले, लंगडत का होईना, पण स्वतःच्या पायांनी. एक दिवस मॅडमनी चित्र दाखवलं, त्यावर नाना म्हणाले, "बाई... छत्री... विसरली." पुरं वाक्य, कर्त्यापासून क्रियापदापर्यंत. मॅडमनी टाळी वाजवली. नाना इतके लाजले, की शाळेतल्या पोरालाही तसं लाजता आलं नसतं.

तेव्हा मी सहा नंबरच्या चॅनलवर होतो. चॅनल म्हणजे आमच्या हवेतल्या वाटा. माझ्यासारख्या साध्या राऊटरला अशा तेरा वाटा आहेत असं खोक्यावर छापतात. प्रत्यक्षात त्या इतक्या खेटून आखल्यात, की एकीचा पाय दुसरीच्या अंगणात. एक, सहा आणि अकरा एवढ्या तीनच अशा, की एकीचा धक्का दुसरीला लागत नाही. आमची रीत अशी, की बोलायच्या आधी कान द्यायचा. आपल्या वाटेवर दुसरं कोणी बोलत असेल तर थांबायचं, त्याचं झालं की आपण सुरू करायचं. माणसांपेक्षा आम्ही याबाबतीत बरे. आणि कुठल्या वाटेवर गर्दी कमी आहे ते ऐकून आपली वाट आपणच निवडायची अक्कलही कारखान्याने मला दिली होती.

पण जावई शांत बसले तर ते जावई कसले? त्यांनी एका रविवारी कुठलासा व्हिडिओ पाहिला आणि ते माझ्या पोटात शिरले. म्हणजे फोनवरून माझी सगळी मांडणी उघडली.

"अगं, आपला राऊटर सहावर आहे. सहावर अख्खी इमारत बसलीय," ते बायकोला म्हणाले. "अकरा बघ, मोकळं मैदान."

"चाललंय ना नीट? मग कशाला हात लावता?"

"नीट चाललंय ते आणखी नीट करायचं."

त्यांनी माझी निवडायची सोय बंद केली आणि मला अकरा नंबरवर बसवलं. "यंत्राला काय कळतंय," असंही वर म्हणाले. खोटं कशाला बोलू, अकरावर मजा होती. मी बोलायचो आणि ओ यायची. त्या आठवड्यात नानांचं बोलणं मॅडमपर्यंत असं पोचलं, की जणू दोघं एकाच बाकावर बसलेत. जावयांना इथेच थांबता आलं असतं तर मला आज ही कैफियत मांडावी लागली नसती.

पण चांगली गोष्ट एकट्याने उपभोगायची हे त्यांच्या स्वभावात नाही. त्यांनी इमारतीच्या ग्रुपवर लिहिलं: 'मित्रांनो, चॅनल अकरा पूर्ण रिकामं आहे, सगळ्यांनी तिकडे या. जमत नसेल तर मी येऊन करून देतो.' आणि खरंच पान्हा घेऊन, म्हणजे फोन घेऊन, ते दारोदार फिरले. वरच्या मजल्यावरच्या विमा एजंटाचा राऊटर अकरावर आणला. शेजारच्या शिकवणीवाल्या बाईंचा आणला. ज्यांना वायफाय म्हणजे काय ते धड माहीत नव्हतं त्यांचाही आणला. ज्ञान वाटल्याने वाढतं म्हणतात. वाढत असेल. जागा वाटल्याने कमी होते.

बघता बघता अकरावर जत्रा भरली. सकाळी सगळे कामावर जात तेव्हा ठीक असायचं. संध्याकाळी मात्र एजंटकडे सामने सुरू, बाईंकडे शिकवणी सुरू, प्रत्येक घरात प्रत्येक हातात एक पडदा. मी नानांचा शब्द हातात घेऊन रांगेत उभा. आधी एजंटचा चौकार जायचा, मग बाईंचं गणित, मग कोणाचं तरी मांजराचं चित्र. माझी पाळी येईपर्यंत शब्द शिळा व्हायचा. आणि बोलण्याच्या बाबतीत पलीकडचं यंत्र मोठं कठोर असतं. उशिरा आलेला तुकडा ते ऐकवत नाही, टाकून देतं. नाना "छत्री" म्हणायचे, मॅडमना ऐकू यायचं "छ".

"पुन्हा म्हणा नाना."

नाना पुन्हा म्हणायचे. पुन्हा तेच.

मॅडम काही बावळट नव्हत्या. त्यांनी एकदा जावयांना बोलावून विचारलं, "आवाज तुटतोय का तुमच्याकडून? लाइन बघून घ्याल?"

"लाइन? लाइन फर्स्टक्लास आहे मॅडम," जावई म्हणाले. "मी स्वतः सेट केलीय. काड्या पूर्ण दिसतायत बघा. सकाळीच स्पीड तपासला, पळतोय नुसता."

काड्या पूर्ण होत्या हे खरंच. काड्या म्हणजे माझा आवाज किती मोठा येतो एवढंच. भोवती किती जण कालवा करतायत, ते काड्या सांगत नाहीत. आणि तपासलं सकाळी, जेव्हा इमारतीत मी आणि झाडूवाला एवढेच जागे. मला ओरडून सांगावंसं वाटलं. मी काय करणार? दिवे लुकलुकवले. जावई म्हणाले, "बघा, दिवेपण कसे जोरात चाललेत."

तरी शंकेचा किडा त्यांना चावलाच. त्यांनी पुन्हा माझी मांडणी उघडली, अकरावरची गर्दी पाहिली आणि जिन्यात जाऊन एजंटशी हुज्जत घातली.

"तुम्ही सहावर परत जा ना जरा."

"वा. तुम्हीच आणलंत, आता तुम्हीच हाकलता? माझे सामने अडकतात सहावर."

"आमच्या सासऱ्यांचे उपचार आहेत हो."

"मग तुम्ही जा सहावर," एजंट म्हणाला. त्याचंही चुकलं नव्हतं. शिकवणीवाल्या बाई मध्ये पडल्या. मजल्यांप्रमाणे वाटे करा, खालच्यांना एक, मधल्यांना सहा, वरच्यांना अकरा, असं त्यांनी सुचवलं. सगळ्यांनी मान डोलावली. मग प्रत्येक जण घरी गेला, आणि आपला एकट्याचा राऊटर तसाच राहिला तर काय बिघडतं, असं प्रत्येकाला वाटलं.

जावई चिडून घरी आले. चॅनलचा तक्ता उघडून बराच वेळ बघत बसले, आणि एकदम खूश झाले.

"नऊ नंबरवर कोणी नाही! चिटपाखरू नाही. आणि या वेळी मी कोणालाही सांगणार नाही."

या वेळी सांगितलं असतं तरी चाललं असतं. नऊवर कोणी नसतं याला कारण आहे. नऊ म्हणजे सहाच्या आणि अकराच्या मधली गल्ली, दोन्हीकडचे धक्के खाणारी. आणि धक्क्यांपेक्षा वाईट म्हणजे, तिथे असलं की आमची कान द्यायची रीतच मोडते. एका वाटेवरचे असलो तर एकमेकांचं बोलणं कळतं, थांबता येतं. नऊवरून मला अकराचं बोलणं कळत नव्हतं, नुसती घरघर यायची. त्यांनाही माझी घरघर. मग कोण कोणासाठी थांबणार? मी त्यांच्यावर ओरडायचो, ते माझ्यावर. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. माझी मान जावयांनी नऊकडे वळवून बांधून ठेवली होती, आणि गाठ सोडवायला मला हात नव्हते. तोंड दाबून बुक्क्यांचा मार मी तेव्हा खाल्ला. पण मी यंत्र आहे, माझं काय एवढं.

माझं सोडा. नानांचं सांगतो.

दार बंद. नाना टॅब्लेटसमोर. मॅडम विचारतात, आज सकाळी काय केलंत? नाना श्वास घेतात, डोळे मिटतात, डाव्या हाताने मांडी घट्ट धरतात आणि एकेक पायरी चढावी तसं बोलतात, "खिडकीत... बसलो. उन्हात." खणखणीत. मी ऐकलं. मी हे शब्द उचलले, ढकलले, हरवले तसे पुन्हा ढकलले, पुन्हा हरवले. पलीकडून आवाज आला, "फक्त 'ख' आला नाना. पुन्हा प्रयत्न करा." नानांनी पुन्हा केला. "शाबास, करत राहा. पुन्हा." पुन्हा केला.

नानांनी कधी राऊटर उघडून पाहिलेला नाही. त्यांना लाइन, चॅनल काही ठाऊक नव्हतं. मॅडम मोठ्या, शिकलेल्या, त्या म्हणतात तुटकं येतंय म्हणजे तुटकंच येत असणार. आपल्या कानाला नीट वाटतं ते आपल्याच डोक्याचे खेळ असतील. झटका आलेल्या माणसाचा स्वतःवरचा विश्वास तो केवढा असणार? तोही मीच रोज थोडा थोडा झिजवत होतो. त्यांनी वाक्यं सोडली, शब्दांवर आले. शब्द सोडले, अक्षरांवर आले. बाहेर स्वयंपाकघरात मुलीला नानांचा हळू आवाज ऐकू जायचा नाही. तिला ऐकू जायचं ते मॅडमचं मोठ्याने म्हटलेलं "पुन्हा म्हणा." ती तशीच ओट्याला टेकून उभी राहायची. मग एके दिवशी मॅडम चांगुलपणाने म्हणाल्या, "दमलात का? नुसती मान हलवलीत तरी चालेल." मान हललेली बरी पोचली. नानांना त्यात सुटल्यासारखं वाटलं.

मॅडमकडे रांग मोठी होती. त्यांनी मुलीला सांगून ठेवलं, की येत्या तपासणीत प्रगती दिसली तर पुढे चालू ठेवू, नाहीतर ही वेळ दुसऱ्या रुग्णाला द्यावी लागेल. तपासणीच्या दिवशी मुलीने लवकर सुट्टी घेतली. नानांची दाढी केली, इस्त्रीचा सदरा घातला. जावयांनी मला एक बॅटरीचा डबा जोडला, ऐन वेळी वीज गेली तर घोटाळा नको म्हणून. त्यांनी माझ्यासाठी केलेलं ते एकमेव शहाणपणाचं काम.

तपासणी सुरू झाली आणि वीज गेलीच.

पंखा थांबला. वर एजंटचा सामना थांबला. आणि मग इमारतीतले राऊटर विझले, एका मागोमाग नव्हे, सगळे एकदम. अकरा गप्प. सहा गप्प. बॅटरीवर जिवंत फक्त मी. तुम्हाला कसं सांगू, कारखान्यातून निघाल्यापासून अशी हवा मी पाहिली नव्हती. मॅडमचा चेहरा पडद्यावर इतका स्वच्छ आला, की त्यांच्या कपाळावरची बट नीट करणारा हातसुद्धा अडकला नाही.

"अरे वा," मॅडम म्हणाल्या. "आज किती स्पष्ट दिसताय नाना. बोला. सकाळी काय केलंत?"

बोला, मी म्हटलं. बोला नाना, आत्ता बोला. एक शब्द द्या, मी तो फुलासारखा नेऊन ठेवतो. मध्ये कोणी नाही, आज खरंच कोणी नाही.

नानांनी मॅडमकडे पाहिलं. मांडीवरचा डावा हात जरा घट्ट झाला, मग सैल पडला. त्यांनी मान हलवली.

"शब्दात सांगा ना. जमेल तेवढं."

नानांनी पुन्हा मान हलवली आणि ते हसले, ओशाळं. मॅडमनी वाट पाहिली. त्यांनी घाई केली असं मी म्हणणार नाही. चित्रं दाखवली, पहिलं अक्षर स्वतः सुरू करून दिलं, पुष्कळ थांबल्या. नानांची ती शांतता माझ्यातून गेली आणि कुठेही न तुटता पोचली. आयुष्यात मी इतकं चोख काम कधी केलं नव्हतं.

मग मॅडमनी मुलीला आत बोलावलं. "मला इतके दिवस वाटत होतं, लाइनचा काही दोष असेल," त्या म्हणाल्या. "म्हणून मी निर्णय घेत नव्हते. पण आज लाइन एकदम स्वच्छ होती, म्हणून सांगते. बोलणं यापुढे येईल असं वाटत नाही. वाईट वाटून घेऊ नका. आपण थांबूया."

"बरं," मुलगी म्हणाली. जावई दारात उभे होते, त्यांनी चष्मा काढून पुसला. नाना टॅब्लेटच्या काळ्या झालेल्या पडद्याकडे बघत होते. मी तिथेच होतो, सगळं जाणणारा एकमेव साक्षीदार, आणि साक्षीदाराला जीभ नाही. थोड्या वेळाने वीज आली. सगळे राऊटर जागे झाले आणि कालवा सुरू झाला.

मी अजून कपाटावर आहे, नऊ नंबरवरच. जावयांचं माझ्यावरून मन उडालंय. सहा अँटेनांचा नवा राऊटर घ्यायचा म्हणतात. मग मला पिशवीत घालून माळ्यावर टाकतील. मला त्याचं काही वाटत नाही, तिथे निदान शांत असेल. जाता जाता तुम्हाला एवढीच विनवणी, तुमच्या घरात कोणाचं बोलणं तुटकं येत असेल, तर लगेच त्याच्या जिभेला दोष देऊ नका. मधल्या वाटेकडेही बघा. आणि त्याला काही विचारलंत, तर विचारून थोडं थांबा. आम्हाला ते शिकवावं लागत नाही.

इथे आता कोणी थांबत नाही. रागाने नव्हे, मायेनेच. मॅडमनीच सांगितलंय म्हटल्यावर मुलगी नानांचं सगळं बोलणं स्वतः बोलते. "चहा ठेवू ना? ठेवते." "पाय दुखतायत ना? चेपते." नाना मान हलवतात.

आज दुपारीच ती आत आली, बाहेर टेंपोतून माल उतरत होता. "नाना, आवाजाचा त्रास होतो ना? खिडकी लावते," ती म्हणाली. नानांनी श्वास घेतला, डोळे मिटले, मांडी धरली. तोवर तिने खिडकी लावली, त्यांच्या खांद्यावरून हात फिरवला आणि दार ओढून ती गेली.

"राहू दे," नाना म्हणाले.